सिनेटरला फोन करा: अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

एलिकॉट सिटी, मेरीलँड
सप्टेंबर 2025

अमेरिकेत राहणाऱ्या आणि इथे मतदान करणाऱ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीत मोदकांचं काम माझ्याकडे होतं. हॉलमागच्या स्वयंपाकघरात आम्ही सहा-सात जणी टेबलाभोवती उभ्या होतो. उकड गरम, हाताला तेलपाणी लावून पारी करायची, सारण भरायचं, कळ्या पाडायच्या. आरत्या लावायला कुणीतरी फोन टेबलावर उभा करून ठेवला होता, त्यावर मध्येच गाझाची बातमी आली. पाच दिवस आधी, 22 ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी गाझा शहर आणि आसपासच्या भागात दुष्काळ जाहीर केला होता. पाच लाखांहून जास्त माणसं उपासमारीच्या शेवटच्या पायरीवर होती. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "बघवत नाही गं. पण आपण काय करणार?"

मला उत्तर माहीत होतं, पण हात मोदकात आणि घसा भरलेला, तेव्हा काही बोलले नाही. ते उत्तर आज लिहिते आहे.

आपल्यातले जे या देशाचे नागरिक आहेत, त्यांनी आपल्या सिनेटरच्या कार्यालयात फोन करायचा आणि सांगायचं की इस्रायलला बॉम्ब आणि रायफली विकण्याविरुद्ध ठराव येईल तेव्हा त्याच्या बाजूने मत द्या. दोन मिनिटांचं काम आहे. पण त्यामागचा कायदा आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून आधी तो सांगते.

1976 च्या शस्त्रास्त्र निर्यात नियंत्रण कायद्याप्रमाणे मोठी शस्त्रविक्री करण्याआधी अमेरिकी सरकारला काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून बनलेल्या इथल्या संसदेला, रीतसर कळवावं लागतं. बहुतेक देशांसाठी ही मुदत 30 दिवसांची. नाटोचे सदस्य, जपान, इस्रायल अशा जवळच्या मित्रांसाठी फक्त 15 दिवसांची. विक्री मान्य नसेल तर सभागृहाचे सदस्य नामंजुरीचा ठराव आणू शकतात. सिनेटमध्ये या ठरावाला खास सवलत आहे. समितीने तो दाबून ठेवला तरी ठरावीक दिवसांनी कुणीही सदस्य उभा राहून सगळ्या सभागृहाला त्यावर मत द्यायला लावू शकतो. व्हरमाँटचे सिनेटर बर्नी सँडर्स गेलं वर्षभर हेच करत आहेत. 100 जणांच्या सभागृहात एका माणसाला एवढा अधिकार देणारी दारं फार नाहीत.

या दाराला कुलूप कसं लागलं, तेही ऐका. 1983 पर्यंत दोन्ही सभागृहांनी ठराव केला की विक्री थांबली असती, राष्ट्राध्यक्षांची सही लागत नव्हती. मग जगदीश राय चढ्ढा नावाच्या, केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या तरुणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो विद्यार्थी व्हिसावर आला होता, व्हिसाची मुदत संपल्याने त्याला देशाबाहेर काढायचं घाटत होतं. सरकारने त्याला राहू देण्याचं ठरवलेलं असताना प्रतिनिधीगृहाने एका ठरावाने ते फिरवलं होतं. न्यायालय म्हणालं, राष्ट्राध्यक्षांपुढे न जाणारा असा ठराव घटनेत बसत नाही. चढ्ढा इथे राहिला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच निकालाने शस्त्रविक्रीवरच्या ठरावांचीही धार गेली. आता ठराव राष्ट्राध्यक्षांकडे जातो, ते नकाराधिकार वापरतात आणि तो उलटवायला दोन तृतीयांश मतं लागतात. 1986 मध्ये सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रं विकण्याविरुद्धचा ठराव दोन्ही सभागृहांत मोठ्या मताधिक्याने मंजूर झाला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो नाकारला. सिनेटमध्ये तो उलटवायला 67 मतं हवी होती, पडली 66.

एका मताने राहिलं. आजपर्यंत या मार्गाने एकही विक्री शेवटपर्यंत अडवता आलेली नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

मग फोन कशाला करायचा? याचं उत्तर आपल्यातल्या पुष्कळांनी 2016 मध्ये स्वतःच दिलं आहे. त्या फेब्रुवारीत ओबामा प्रशासनाने पाकिस्तानला आठ एफ-16 विमानं विकायचं ठरवलं, किंमत 69 कोटी 90 लाख डॉलर. तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसभर एकच विषय होता. 26/11 ला जेमतेम सात वर्षं झाली होती. "सिनेटरला फोन करा" असे निरोप मला चार वेगवेगळ्या गटांवर आले. "इथे राजकारण नको" असं तेव्हा कुणीही म्हणालं नाही. मीही फोन केला. आयुष्यातला पहिला. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत गाडीत जाऊन बसले. काय बोलायचं ते आधी मराठीत लिहिलं होतं, त्याखाली इंग्रजीत. पलीकडे एक तरुण मुलगा होता. त्याने नाव विचारलं, झिप कोड विचारला, कशाबद्दल बोलायचं आहे ते विचारलं आणि म्हणाला, "मी नोंद करतो." माझा कागद अर्धाच वाचून झाला होता. मला वाटलं, एवढंच? पण ती नोंदच महत्त्वाची असते. कोणत्या विषयावर, कोणत्या बाजूने किती फोन आले याचा हिशेब ठेवला जातो आणि तो सिनेटरपर्यंत जातो.

त्या विक्रीविरुद्धचा ठराव सिनेटर रँड पॉल यांनी आणला होता, याच 1976 च्या कायद्याखाली. 10 मार्चला तो 71 विरुद्ध 24 मतांनी बाजूला पडला. म्हणजे आपण हरलो. पण परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब कॉर्कर यांनी त्या विमानांना अमेरिकेच्या पैशातून सवलत द्यायला नकार दिला. पाकिस्तानने पूर्ण किंमत स्वतः भरावी असं ठरलं, त्यांनी ती भरली नाही, आणि मे महिन्याच्या शेवटी तो प्रस्तावच बाद झाला. विमानं गेली नाहीत. मतदानात हरलेला ठराव असं काम करून जातो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सौदी अरेबियाला रणगाडे विकण्याविरुद्ध ठराव आला. येमेनवर सौदीचे हल्ले चालू होते. त्या ठरावाच्या बाजूने 27 सिनेटर उभे राहिले. पुढच्या वर्षी, बॉम्ब अचूक डागण्याच्या सामग्रीविरुद्ध, 47. मग 9 ऑगस्ट 2018 ला येमेनच्या सादा प्रांतात दहयानच्या बाजारात शाळेच्या सहलीच्या बसवर बॉम्ब पडला, 40 मुलं मेली, आणि बॉम्बच्या तुकड्यांवरून तो अमेरिकेत बनलेला असल्याचं पुढे आलं. जून 2019 मध्ये सिनेटने 53 विरुद्ध 45 मतांनी विक्री नामंजूर केली. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, विक्री झाली. पण फेब्रुवारी 2021 मध्ये नव्या प्रशासनाने येमेनमधल्या आक्रमक कारवायांना दिलेला पाठिंबा आणि त्यासाठीची शस्त्रविक्री थांबवली. ती बंदी 2024 मध्ये उठवली हेही खरं. तरी 27 वरून 53 पर्यंतचा तो प्रवास डोळ्यांसमोर ठेवा.

कारण नोव्हेंबर 2024 मध्ये सँडर्स यांनी रणगाड्यांचे गोळे इस्रायलला विकण्याविरुद्ध ठराव मांडला तेव्हा 18 मतं पडली. या एप्रिलमध्ये तर 15 च. आणि 30 जुलैला, 20 हजार रायफलींच्या विक्रीविरुद्ध, 27. पुन्हा 27. बॉम्बच्या सुमारे 67 कोटी डॉलरच्या विक्रीविरुद्ध 24. पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक गटातल्या निम्म्याहून जास्त सिनेटरांनी ठरावाला हो म्हटलं. रिपब्लिकन पक्षातून एकही मत आलं नाही. माझ्या मेरीलँडच्या दोन्ही सिनेटरांनी रायफलींच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. माझं काम इथे बरंचसं झालं आहे, म्हणूनच हे पत्र मी न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, मिशिगन, जॉर्जिया, जिथे जिथे आपली मंडळं आहेत तिथल्या तुम्हाला लिहिते आहे.

आमचे एक सिनेटर ख्रिस व्हॅन हॉलन यांचा जन्म कराचीचा. वडील अमेरिकी राजदूतसेवेत होते आणि 1971 मध्ये परराष्ट्र खात्यात दक्षिण आशियाचं काम बघत होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या, पाकिस्तानला पाठीशी घालण्याच्या धोरणावर त्यांनी पुढे कडक टीका करणारा लेख लिहिला. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते, कारण 1971 माझ्या घरातलं आहे.

मी नाशिकरोडची. वडील सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. त्या वर्षी मी नऊ वर्षांची. बांगलादेशातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली होती आणि सरकारने प्रत्येक पत्रावर निर्वासितांच्या मदतीसाठी 5 पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं होतं. ती तिकिटं आमच्या गावात, वडील ज्या प्रेसमध्ये जायचे तिथेच छापली जात. आजीला अमळनेरला पत्र लिहायचं तर तिकीट चिकटवायचं काम माझं. पाण्याची वाटी, ओलं बोट, नेहमीचं तिकीट आणि शेजारी ते लहानसं लाल. मी एकदा विचारलं होतं, हे कुणासाठी? आई म्हणाली, "ज्यांचं घर गेलंय त्यांच्यासाठी."

त्यांची घरं ज्या सैन्याने जाळली, त्या सैन्याला शस्त्रं अमेरिकेतून जात होती. हे मला अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाल्यावर वाचायला मिळालं. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिल 1971 मध्ये आपल्याच सरकारच्या मौनाविरुद्ध तार पाठवली, त्यांच्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी तीवर सह्या केल्या. ब्लड यांना तिथून परत बोलावलं गेलं. ढाक्यात काम केलेल्या एका अमेरिकी डॉक्टरने आपल्या सिनेटरला, ओहायोच्या विल्यम सॅक्स्बी यांना, डोळ्यांनी पाहिलेलं लिहून कळवलं. एका मतदाराचं एक पत्र. सॅक्स्बी निक्सन यांच्याच पक्षाचे होते, तरी त्यांनी ते पत्र सिनेटच्या कामकाजात नोंदवून घेतलं आणि आयडाहोचे डेमोक्रॅट फ्रँक चर्च यांच्यासोबत पाकिस्तानची मदत थांबवण्याची दुरुस्ती मांडली. प्रतिनिधीगृहाने ऑगस्टमध्ये तशीच एक दुरुस्ती मंजूर केली, ती मांडली होती न्यू जर्सीच्या कॉर्नेलियस गॅलघर यांनी. जूनमध्ये वर्तमानपत्राने उघड केलं की विक्री थांबवल्याचं सरकार सांगत असतानाही न्यूयॉर्कहून जहाजं माल घेऊन निघत आहेत. जुलैमध्ये बाल्टिमोर बंदरात 'पद्मा' नावाचं पाकिस्तानी जहाज यायचं होतं. ते अडवायला युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची आणि इतर साधी माणसं छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरली. काहींना पोलिसांनी पकडलं. पुढे फिलाडेल्फियात गोदी कामगारांनी तशाच जहाजावर माल चढवायला नकार दिला, मजुरी बुडाली तरी. नोव्हेंबरमध्ये सरकारने उरलेले परवाने रद्द केले.

बाल्टिमोर बंदर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. मी तिथे जाऊन उभी राहिले आहे. पाणी करडं, वाऱ्यावर तेलाचा वास, लांबवर मालाच्या पेट्यांच्या उतरंडी. त्या होड्यांतल्या एखाद्या बाईला बांगलादेशातलं खुलना कुठे आहे हे कदाचित माहीतही नसेल. पाकिस्तान तिच्या देशाचा मित्र होता, करारबद्ध मित्र. तरी ती पाण्यात उतरली, आणि ज्यांच्यासाठी उतरली ते लोक आमच्या 5 पैशांच्या तिकिटावरचे होते. मी तिचं देणं लागते असं मला वाटतं.

आता तुमच्या मनात जे आहे त्याकडे येते. "इस्रायल आपला मित्र आहे." हो, आहे. कारगिलच्या वेळी इस्रायलने भारताला केलेली मदत मी विसरलेले नाही. मुंबईत नरिमन हाऊसमध्ये काय झालं तेही नाही. आणि माझी कॉलेजातली सगळ्यात जवळची मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, अलिबागकडची. कोकणात तिच्या पणजोबांना, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून, शनिवार तेली म्हणायचे. 1984 मध्ये ती इस्रायलला गेली, बीरशेबाला राहते, आणि आमचं फोनवरचं बोलणं अजून मराठीत, तेही रायगडी हेलात. 7 ऑक्टोबर 2023 ला सुमारे 1,200 माणसं मारली गेली, 251 जणांना ओलीस नेलं गेलं. त्या दिवशी मी तिला बारा वेळा फोन लावला तेव्हा कुठे तो लागला. ती सायरनच्या आवाजात बोलत होती. तिचा नातू सैन्यात आहे. या जुलैतल्या मतदानाबद्दल मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुला तिथे बसून काय कळतंय?" त्यानंतर तीन आठवडे आम्ही बोललो नाही. मग गणपतीला तिनेच फोन केला, मोदकांच्या पारीला पाणी किती घालतेस म्हणून विचारायला.

तिच्यासाठीही हे स्पष्ट लिहिते. या ठरावांत वरून येणारी रॉकेटं पाडणाऱ्या संरक्षक यंत्रणांना हात लावलेला नाही. तिच्या घरावरचं छप्पर कुणी काढून घेत नाही. ठराव आहेत ते बॉम्ब, गोळे आणि रायफलींविरुद्ध. जुलैच्या अखेरीस गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीत मेलेल्यांचा आकडा 60 हजारांच्या पुढे गेला होता. मार्चच्या सुरुवातीपासून जवळजवळ अकरा आठवडे गाझात अन्नाचा दाणा जाऊ दिला गेला नाही. आणि अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात अगदी साधं कलम आहे: अमेरिकेची मानवतावादी मदत जो देश अडवतो त्याला लष्करी साहाय्य द्यायचं नाही. त्यात मित्र आणि परके असा फरक केलेला नाही. 1982 मध्ये लेबनॉनमधल्या वापरावरून रेगन यांनी इस्रायलला क्लस्टर बॉम्ब देणं थांबवलं होतं, ते सहा वर्षं. रेगन यांना कुणी इस्रायलचे शत्रू म्हटलं नाही.

2016 च्या करारानुसार इस्रायलला दहा वर्षांत 38 अब्ज डॉलरची लष्करी मदत मिळते आहे, वर्षाला 3.8 अब्ज. एप्रिलच्या 15 तारखेला आपण सगळे जो कर भरतो त्यातूनच. एफ-16 च्या वेळी "आमच्या कराच्या पैशातून पाकिस्तानला विमानं नकोत" हे वाक्य मी स्वतः गटावर तीन वेळा पुढे पाठवलं होतं. तेव्हा तो युक्तिवाद बरोबर होता. आज तो चूक कसा होईल, हे मला कुणी समजावून सांगावं.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा "मंडळात राजकारण नको" असं सांगून तो कार्यपत्रिकेतून काढला गेला. मला वाईट वाटलं, पण मंडळाला पदर पसरून मी काही मागत नाही. मंडळाचा ठराव नको, फलक नको. तुमचा एकट्याचा, तुमच्या नावाचा फोन हवा आहे. आणि एक गोष्ट आवर्जून: जे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांच्यावर मी काडीचाही दबाव आणत नाही. दिवस कसले आहेत ते मला कळतं. तुम्ही हे पत्र वाचून नुसतं बाजूला ठेवा. हे मागणं आमच्यासारख्यांकडे आहे, ज्यांच्याकडे अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे आणि ज्यांना गमावण्यासारखं कमी आहे.

प्रतिनिधीगृहातले सदस्य ज्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांनी तिथेही बोलावं. आपल्या भाषेचे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2023 पासून तिथे आहेत. डेट्रॉइटच्या मराठी मंडळींनी त्यांच्याशी मराठीत बोलावं, ते ऐकतील अशी माझी आशा आहे. प्रतिनिधीगृहात एकट्या सदस्याला मतदान घडवून आणण्याची सिनेटसारखी सोय नाही. पण शस्त्रविक्रीवर परराष्ट्र समितीतले वरिष्ठ सदस्य आधी प्रश्न विचारून ती थोपवू शकतात, अशी जुनी प्रथा आहे. या फेब्रुवारीत त्या समितीतले वरिष्ठ डेमोक्रॅट ग्रेगरी मीक्स यांनी थोपवलेली, इस्रायलला होणारी विक्री प्रशासनाने त्यांना वळसा घालून पुढे नेली. प्रथा अशी पायदळी तुडवली जाते तेव्हा मतदारांनी विचारलेला प्रश्न जास्त लागतो.

कॅपिटॉलचा फोन आहे 202-224-3121. सिनेटरचं नाव सांगितलं की जोडून देतात. रात्री केलात तर निरोप ठेवता येतो, तोही मोजला जातो. नाव, गाव, झिप कोड, आणि एवढंच: इस्रायलला बॉम्ब आणि रायफली विकण्याविरुद्धच्या ठरावाला हो म्हणा. तुमच्या सिनेटरने जुलैत आधीच हो म्हटलं असेल तर आभार माना. आभाराचे फोन फार थोडे येतात आणि पुढच्या मताला तेच टेकू देतात.

पहिल्यांदा बोलायला संकोच वाटतो, मला वाटला होता. आमच्या भागातल्या कुणाला सोबत हवी असेल तर मी गुरुवारी संध्याकाळी घरी असते. कागदावर आधी मराठीत लिहून आणा. चहा करते, बसून दोघी मिळून इंग्रजीत उतरवू आणि तिथूनच फोन लावू.

तुमची,
नाशिकरोडची एक लेक, आता मेरीलँडची मतदार